जर्मनीतला पहिला हिवाळा: गाडीची चाकं आणि टायर कसे निवडायचे

जर्मनीत नोकरीसाठी आलेला मराठी माणूस पहिली गाडी घेतो ती बहुधा उन्हाळ्यात. प्रोबेझाइट (नोकरीतला सुरुवातीचा चाचणीचा काळ) संपलेली असते, जर्मन लायसन्स हातात आलेलं असतं, सेकंडहँड गोल्फ किंवा ऑक्टाविया दारात उभी राहते. सप्टेंबर सरला की ऑफिसातली मंडळी जेवणाच्या टेबलावर चाकांबद्दल बोलायला लागतात, आणि आपल्याला कळत नाही की यात एवढं बोलण्यासारखं काय आहे. आपल्याकडे टायर हा गोटा झाल्यावर आठवायचा विषय. पंक्चरवाला सांगतो, आपण बदलतो.

इथे तसं चालत नाही, आणि पहिल्याच वर्षी नवखे लोक पैसे घालवतात ते एकाच कारणाने: क्रम उलटा धरतात. आधी ऑनलाइन एखादा टायर आवडतो, मग त्याला शोभेलसं अलॉय व्हील शोधलं जातं आणि गाडीचे कागद सगळ्यात शेवटी उघडले जातात. क्रम असा ठेवा: आधी कागद, मग रिम, शेवटी टायर. पुढे मीही त्याच क्रमाने जाणार आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

जर्मनीत अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावा असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, दाबून घट्ट झालेला हिम, चिखलासारखा ओला हिम किंवा गोठलेला थर असेल, तर योग्य टायरशिवाय गाडी चालवायची नाही, एवढाच नियम आहे. गाडी घरासमोर उभी असेल आणि तिला उन्हाळी टायर असतील तर गुन्हा नाही. ती बाहेर काढली की मात्र ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत (वाहतूक गुन्ह्यांच्या देशभरच्या नोंदीत) एक पॉइंट. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर ८० युरो, कुणाला धोका झाला तर १००, अपघात झाला तर १२०. मित्राला गाडी दिली आणि टायर उन्हाळी असले, तर मालक म्हणून तुम्हालाही ७५ युरो आणि पॉइंट लागू शकतो. अपघातात कास्को (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) विम्याची कंपनी निष्काळजीपणाचं कारण दाखवून भरपाई कापू शकते, तो भाग वेगळाच.

योग्य टायर कोणता? ज्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र कोरलेलं आहे तो. याला इथे अल्पाइन चिन्ह म्हणतात. पूर्वी ‘एम+एस’ एवढी अक्षरं पुरत होती. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या अशा टायरना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सवलत होती, ती आता संपली. सेकंडहँड गाडीसोबत जुने ‘हिवाळी’ टायर मिळाले असतील तर आधी हे चित्र शोधा. फक्त एम+एस दिसलं तर जर्मन कायद्याच्या लेखी ते हिवाळी टायर नाहीत.

ऑक्टोबर ते ईस्टर असा साधा हिशेब इथे सगळे सांगतात. तो कायदा नव्हे, सवय आहे, पण चांगली सवय आहे. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की टायर बदला हेही तसंच ढोबळ. सात अंशांवर कुठली जादू होत नाही; थंडी वाढेल तसं उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, खोबरेल तेल हळूहळू थिजतं तसं. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीतही लवचिक राहतं. शिवाय नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. गाडी पुढे ढकलली जाताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा हिमात रुततात. खाचांमध्ये हिम भरतं आणि हिमाला हिम धरतं. म्हणून हिवाळी टायरच्या खाचेत अडकलेला हिम बघून तो काढत बसू नका, तो कामावर आहे.

दोन सेट की बारमाही टायर

हा निर्णय शहर बघून घ्यायचा. कोलोन, ड्युसेलडॉर्फ किंवा ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या कुठल्या गावी राहत असाल, गाडी मुख्यतः शहरात फिरत असेल, वर्षाकाठी फार किलोमीटर होत नसतील आणि हिम पडलं त्या दिवशी घरून काम करता येत असेल, तर बारमाही टायर पुरे. मात्र त्यावरही अल्पाइन चिन्ह हवंच. मिशेलिनने २०१५ मध्ये क्रॉसक्लायमेट आणल्यापासून हे टायर बरेच सुधारले आहेत. व्रेडेस्टाइनचा क्वाट्राक हाही जुना, नावाजलेला. ही डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलो टायर्सची आहे, हे कळल्यावर बऱ्याच जणांना गंमत वाटते.

म्युनिक, आल्गॉय, श्वार्ट्सवाल्ड, हार्त्स, एर्ट्सगेबिर्ग, किंवा दर शनिवार-रविवारी डोंगरात जायचा बेत असेल, तर वाद घालू नका, दोन सेट घ्या. श्टुटगार्टकरांचं मधलंच काहीतरी असतं: शहर वाटीत बसलेलं, खाली नुसता पाऊस आणि वर डेगरलोखला चढलं की पांढरं. तिथल्या चढ-उतारांमुळे मी तरी दोन सेटच सुचवेन.

‘माझी गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे, मला कशाला’ हे वाक्य दर हिवाळ्यात ऐकू येतं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक दाबल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच: रस्त्याला चिकटून आहे तो टायर. पैसे वाचवायला फक्त दोन हिवाळी टायर लावणं त्याहून वाईट. पुढचे धरतात, मागचे सुटतात, आणि वळणावर गाडीचं ढुंगण फिरतं. चारही एकसारखे.

पहिली पायरी: कागद उघडा

ताम्हिणीच्या पावसात गाडी चालवून झालेल्या माणसाला टायरच्या मापासाठी सरकारी कागद बघायला सांगितलं तर तो हसेल. पण इथे मापाला परवानगी लागते. नोंदणीचा जो हिरवट कागद गाडीसोबत बाळगतो, त्यात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांचं एकेकच माप दिलेलं असतं. ते एवढंच चालतं असं मात्र नाही. पूर्ण यादी गाडीच्या ‘सीओसी’ नावाच्या कागदात असते. गाडी घेताना तो मागून घ्या. विकणाऱ्याने हरवला असेल तर कंपनीच्या डीलरकडे किंवा टायरच्या दुकानात नोंदणीचा कागद दाखवला की मान्य मापं कळतात.

एक उदाहरण नीट बघू. सातव्या पिढीच्या साध्या गोल्फला सहसा ही चार मापं चालतात: १९५/६५ आर१५, २०५/५५ आर१६, २२५/४५ आर१७ आणि २२५/४० आर१८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंच टायरची भिंत आहे. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचांत. गुणाकार करून बघा: पहिल्या टायरची भिंत जवळपास १२७ मिमी, दुसऱ्याची ११३, तिसऱ्याची १०१, चौथ्याची ९०. रिम मोठी होते तसं रबर कमी होत जातं, आणि चाकाचा बाहेरचा व्यास मात्र चारही वेळा ६३२ ते ६३७ मिमीच्या आत राहतो. म्हणूनच चारही मापांत स्पीडोमीटर खरं बोलतो. स्वतःच्या मनाने पाचवं माप निवडलं की हा हिशेब मोडतो.

दुसरी पायरी: रिम, आणि ती लहानच घ्या

या चारांतून हिवाळ्यासाठी कोणतं? माझं उत्तर ठरलेलं आहे: कागदात बसणारं सगळ्यात लहान किंवा त्याच्या वरचं एक. म्हणजे १५ किंवा १६ इंच. अठरा इंची चाकं पार्किंगमध्ये देखणी दिसतात, पण हिवाळ्यात दिवस चार वाजता संपतो, गाडी मिठाने पांढरी असते, बघणार कोण? लहान रिमवर टायर स्वस्त मिळतो. अरुंद टायर ओल्या हिमातून खालच्या रस्त्यापर्यंत लवकर पोहोचतो. उंच भिंत खड्डा आणि बर्फाखाली लपलेल्या फुटपाथच्या कडेचा मार सोसते. आणि डोंगरात साखळी लावायची वेळ आली तर ती अरुंद टायरवरच बसते. रुंद टायर आणि फेंडर यांच्यात साखळीपुरती जागा बऱ्याच गाड्यांत नसते, तसं हँडबुकात लिहिलेलंही असतं.

अपवाद एकच. जोरदार इंजिनच्या गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, त्यांच्यावर छोटी रिम चढतच नाही. पण तेही कागदातल्या यादीतून आपोआप कळतं.

रिम निवडताना टायरच्या मापाशिवाय चार गोष्टी जुळाव्या लागतात. बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास: गोल्फला ५×११२, म्हणजे पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर. मधल्या भोकाचा व्यास: गोल्फला ५७.१ मिमी. रिमची रुंदी, म्हणजे ६जे किंवा ६.५जे असं कोरलेलं असतं ते. आणि ‘ईटी’ हा आकडा, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती सरकून बसेल. सेकंडहँड बाजारात गोत्यात आणतो तो हाच शेवटचा आकडा. बोल्ट बसतात, चाक फिरतं, सगळं ठीक वाटतं; ईटी चुकलेला असेल तर पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो किंवा फेंडरच्या बाहेर येतो, आणि टीयूव्हीच्या (गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या) तपासणीत गाडी नापास होते. हे सगळे आकडे रिमच्या आतल्या बाजूवर असतात. विकणाऱ्याकडून त्या बाजूचा फोटो मागा. समोरून काढलेल्या चकचकीत फोटोचा उपयोग शून्य.

पोलादी रिम की अलॉय? पोलादी स्वस्त. वाकली तर दुःख नाही, दुसरी आणता येते. अलॉयच हवी असेल तर पूर्ण रंगवलेली घ्या. ज्यांचा चेहरा घासून चांदीसारखा चमकवलेला असतो त्या हिवाळ्यासाठी नकोत: खडीने वरचा थर जरा टवका उडाला की रस्त्यावरचं मीठ आत शिरतं आणि लाखेखाली पांढऱ्या वेली पसरत जातात. गाडीच्या कंपनीची मूळ रिम आणि कागदातलं माप असेल तर परवानगीचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या कंपनीची रिम असेल तर तिच्यासोबतचा परवाना वाचा. ‘एबीई’ (सर्वसाधारण मान्यता) असेल तर तो कागद गाडीत ठेवा, आणि त्यातल्या अटींत तुमच्या गाडीसाठी तपासणी सांगितलेली नाही ना, तेही बघा. ‘टाइलगुटआख्टन’ (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) असेल तर टीयूव्ही किंवा डेक्राकडे जाऊन चाकं लावल्यावर तपासून घ्यावीच लागतात.

बोल्टकडे दुर्लक्ष होतं, म्हणून इथे थांबतो. बोल्टचं डोकं रिमला जिथे टेकतं तो भाग काही रिमना गोलसर लागतो, काहींना शंकूसारखा. फोक्सवागनच्या मूळ रिमना गोलसर, बाहेरच्या अनेक अलॉयना शंकूचा. चुकीचा बोल्टही आवळला जातो, घट्टही वाटतो, पण तो रिमला पूर्ण टेकलेला नसतो आणि काही दिवसांत सैल होतो. लांबीही वेगळी असू शकते. रिम घेताना ‘यासोबतचे बोल्ट कुठे आहेत’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरी टाळायला प्रत्येक चाकाला एक कुलपाचा बोल्ट असेल तर त्याचा अडॅप्टर डिकीत आहे का, तेही बघून ठेवा. तो हरवलेला असला तर पंक्चरच्या रात्री कळतं.

तिसरी पायरी: टायर

मापानंतर टायरवर ‘९१एच’ असं काहीतरी असतं. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार चालतो. कागदात लिहिलेल्यापेक्षा हा आकडा कमी घ्यायचा नाही. वीजगाड्या जड असतात, त्यांच्या बाबतीत तर अजिबात नाही. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: क्यू १६०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर. हिवाळी टायरला इथे सवलत आहे: गाडीचा कमाल वेग २१५ असला तरी टी अक्षराचा टायर लावता येतो, फक्त ड्रायव्हरला दिसेल असं ‘१९०’चं स्टिकर लावायचं. दुकानदार ते देतो. मर्यादा नसलेल्या आउटोबानवर हा आकडा पाळायचा असतो, हे सांगायला नको.

मग वय. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे लंबगोल चौकटीत असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. हा आकडा काही वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असते, तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीखाली वाका. दुकानात पडून राहिलेला दोन-तीन वर्षांचा टायर नवा म्हणून घ्यायला हरकत नाही. वापरलेला मात्र सहा वर्षांहून जुना असेल तर मी घेणार नाही, खाचा कितीही खोल असोत. थंडीत लवचिक राहण्यासाठीच आपण पैसे मोजतो आणि नेमकी तीच गोष्ट वयाने जाते.

खाचांची खोली कायद्याने १.६ मिमी पुरते, पण हिमावर एवढ्यात काही होत नाही. एडीएसीसारखी वाहनचालकांची संस्थाही हिवाळ्यासाठी ४ मिमी सांगते. मापायला दोन युरोचं नाणं वापरा: बाहेरचा रुपेरी काठ साधारण ४ मिमीचा आहे. नाणं खाचेत उभं घाला. काठ पूर्ण आत बुडून मधला सोनेरी भाग रबराला टेकला तर ठीक. रुपेरी काठ बाहेर डोकावत असेल तर नवे टायर धरा. चारही टायर, आणि प्रत्येकाची आतली कड, मधली पट्टी, बाहेरची कड. आतली कड जास्त झिजलेली असेल तर तो टायरचा नाही, अलाइनमेंटचा दोष आहे. नवे टायर घालण्याआधी ते काम करून घ्या, नाहीतर तेही तसेच जातील.

कुठली कंपनी? युरोपात टायरसोबत एक लेबल येतं. त्यावर इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशी श्रेणी असते, शिवाय आवाज. हिमाचं चिन्ह तिथेही असतं, पण ते पास-नापास आहे. पस्तीस टक्के आणि नव्वद टक्के दोघांनाही तेच. म्हणून ओल्या रस्त्याची श्रेणी आधी बघा, कारण मध्य युरोपातला हिवाळा हिमापेक्षा ओल्या, चार अंशांच्या, अंधाऱ्या रस्त्यांचाच जास्त असतो. सी च्या खाली जाऊ नका. आणि हिमावरची खरी तुलना हवी तर एडीएसीची चाचणी वाचा. ती दर शरद ऋतूत निवडक मापांवर होते. एकाच नावाचा टायर १६ इंचात चांगला आणि १८ इंचात बेताचा निघू शकतो, तेव्हा आपल्या मापाजवळची चाचणी बघा. कॉन्टिनेंटल, मिशेलिन, गुडइयर, ब्रिजस्टोन, डनलप ही वरची फळी; २०५/५५ आर१६ मध्ये यांचा एक टायर साधारण ८० ते १२० युरोत बसतो. हानकूक, व्रेडेस्टाइन, फाल्कन यांच्यात पैसे वाचवून चांगला टायर मिळतो. नाव कधी ऐकलेलं नाही आणि किंमत निम्मी, असा टायर चाचणीत दिसत असेल तर ओल्या रस्त्याचा रकाना वाचा, मग ठरवा.

लेबलवर बर्फाच्या सुळक्याचं आणखी एक चिन्ह असलेले टायर दिसतील. ते स्कँडिनेव्हियासाठी असतात. नोकियानने १९३४ मध्ये पहिला हिवाळी टायर बनवला, तो फिनलंडच्या बर्फासाठीच, आणि अशा टायरचं रबर तिथल्या थंडीला साजेसं मऊ असतं. म्युनिकच्या पावसाळी डिसेंबरात, वेगात, तो ढिला वाटतो. खिळ्यांचे टायर जर्मनीत चालतच नाहीत.

प्रेशरचे सेन्सर

१ नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात पहिल्यांदा नोंदलेल्या प्रत्येक नव्या कारला टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा असते. तिचे दोन प्रकार आहेत, आणि तुमच्या गाडीत कुठला हे टायर घेण्याआधी कळायला हवं. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. म्हणजे हिवाळी सेटलाही चार सेन्सर, आणि ते गाडीला ओळखवून देणं आलं. खर्च वाढतो. दुसऱ्या प्रकारात गाडी चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधते, वेगळं काही लागत नाही. चाकं बदलून हवा नीट भरली की मेन्यूत जाऊन तसं कळवायचं. गोल्फसारख्या बऱ्याच गाड्यांत हा दुसरा प्रकार आहे. सेन्सरच्या गाडीला बिनसेन्सरची चाकं लावली तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा हिवाळाभर जळत राहतो आणि मुख्य तपासणीत तो दोष धरला जातो.

बसवणं

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्कशॉपला फोन केला तर तारीख मिळते नोव्हेंबरच्या मध्यावरची. सप्टेंबरात फोन करा. काय करून घ्यायचं ते नेमकं सांगा: रिमवर चढलेली पूर्ण चाकं बदलायची की त्याच रिमवरचा टायर उतरवून दुसरा चढवायचा? दुसऱ्या कामाला बॅलन्सिंग लागतं, वेळ जातो, आणि ते वर्षातून दोनदा करायचं म्हणजे दोन-तीन वर्षांत रिमच्या वेगळ्या सेटचे पैसे निघतात. म्हणूनच मी वर रिमवर एवढं लिहिलं.

गाडीच्या जाहिरातीत ‘अख्टफाख बेराइफ्ट’ दिसलं तर समजा, हिवाळी-उन्हाळी अशी आठ चाकं गाडीसोबत आहेत. बघायला जाल तेव्हा दुसरी चार तळघरातून वर आणायला सांगा. नुसत्या शब्दावर किंमत वाढवू नका.

स्वतः बदलणार असाल तर सपाट जागा, हँडब्रेक, गिअर, मग गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल. चाक निघाल्यावर हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर वसंतात चाक लाथा मारूनही निघत नाही. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो पुढे जाताना फिरेल तसा बसवा. चारांपैकी कमी झिजलेले दोन मागे. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे एकेक करून, आणि शेवटी टॉर्कच्या पान्याने. गोल्फला १२० न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीचा आकडा हँडबुकात आहे. अंगाचा जोर लावून ‘झालं घट्ट’ म्हणण्याची आपली पद्धत इथे सोडून द्या, पान्यावर उभं राहिल्याने बोल्ट ताणला जातो. साधारण ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून तपासा. वर्कशॉपने बसवले तरीही. तुमच्या पावतीवरही तसं छापलेलं असतं, बघा.

हवा दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेली असते ती भरा, आणि टायर थंड असताना. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब ०.१ बारने घसरतो. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा जानेवारीच्या सकाळी कमी भरणारच, तेव्हा थंडीची पहिली मोठी लाट आली की पुन्हा मापा.

काढलेली चाकं ठेवायची कुठे

भाड्याच्या घरासोबत तळघरातली खोली असेल तर तिथे. रिमसकट चाकं एकावर एक आडवी रचली तरी चालतात. नुसते टायर मात्र उभे ठेवायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी थोडे फिरवायचे. ऊन, तेल, पेट्रोल यांपासून लांब. कुठलं चाक कुठलं हे खडूने लिहा. मराठीत ‘पुढचं डावं’ लिहिलंत तरी चालेल, वाचणारे तुम्हीच. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर एकेक चाक वीस किलोच्या आसपास भरतं हे लक्षात घ्या आणि वर्कशॉपमध्येच ठेवा. हंगामाला साधारण ४० ते ८० युरो घेतात, धुऊन आणि तपासून ठेवतात.

सीमा ओलांडताना

म्युनिकहून साल्झबुर्ग किंवा इन्सब्रुक गाठायला दोन तास लागतात, आणि नियम तिथे बदलतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल तर हिवाळी टायर हवेतच, आणि ४ मिमीच्या खाली गेलेला टायर तिथे हिवाळी मानलाच जात नाही. जर्मनीत कायदेशीर असलेला तुमचा ३ मिमीचा टायर ब्रेनरच्या चढावर बेकायदेशीर ठरतो. पलीकडे इटलीत दक्षिण टायरोलच्या महामार्गावर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या लागतात. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही, पण अयोग्य टायरमुळे घाटात अडकून रस्ता अडवलात तर दंड होतोच.

साखळीचं चित्र असलेला निळा गोल फलक दिसला की त्यापुढे साखळीशिवाय जायचं नाही, टायर कितीही चांगले असोत. साखळी इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायची, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. जर्मनीत साखळी लावून ५० च्या वर जायचं नाही. घेताना टायरचं पूर्ण माप सांगा आणि घरी आणल्यावर कोरड्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून एकदा लावून बघा. वजा आठमध्ये, उतारावर, मागे बसची रांग लागलेली असताना सूचनांचा कागद उलगडायचा नसतो. भाड्याची गाडी घेऊन जाणार असाल तर बुकिंग करतानाच हिवाळी टायर लेखी मागा आणि गाडी ताब्यात घेताना अल्पाइन चिन्ह स्वतः बघा. दंड चालवणाऱ्याला होतो.

ईस्टरनंतर चाकं काढताना मीठ धुऊन टाका, चारही टायर पुन्हा नाण्याने मापा आणि आकडे रिमवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, म्हणजे सप्टेंबरात नवे मागवायचे की नाही हे टायर उचलण्याआधीच कळेल. ४ मिमीच्या खाली गेलेले टायर उन्हाळ्यात वापरून संपवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. कायदा अडवत नाही, पण तापलेल्या डांबरावर ते मऊ रबर ब्रेक लावल्यावर लवकर थांबत नाही. त्यापेक्षा नवे चढवून घेताना जुने तिथेच सोडा, दुकानदार टायरमागे थोडे पैसे घेऊन ठेवून घेतो. नाहीतर गावच्या वेर्टश्टॉफहोफमध्ये (पुनर्वापराच्या कचऱ्याच्या केंद्रात) घेतात का ते विचारा. घरच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवले तर हाउसमाइस्टरची (इमारतीची देखभाल करणाऱ्याची) चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दारात असते.